अकरा गुणांची तीन बोटं

ब्रिजच्या टेबलावर खोकणाऱ्या माणसांची मला किळस येते. सर्दीचा खोकला असेल तर खोका बापडे, आमच्या जळगावात उन्हाळ्यात धूळच तेवढी उडते. पण हातात राजा-राणी आल्यावर समोरच्या जोडीदाराला कळावं म्हणून जो खोकला काढतात ना, त्याचा आवाजच वेगळा असतो. क्लबात मी वर्षानुवर्षं तो ऐकला. बोलीचा पत्ता अलगद ठेवला तर पानं फुसकी, टपकन आपटला तर भारी. पास म्हणायच्या आधी कुणी छताकडे बघत बसलं, की समजायचं, याच्याकडे बरंच काही आहे. आणि ही सगळी नातवंडं झालेली, चारचौघांत मान असलेली माणसं. घरी आल्यावर मी आधी हात धुवायचे.

तुम्हाला ब्रिज येत नसेल तर एवढंच ध्यानात घ्या. चौघं खेळतात, समोरासमोरचे दोघं जोडीदार. खेळ सुरू व्हायच्या आधी बोलीचे छापील पत्ते मांडून बोली लागते, की तेरापैकी इतके हात आम्ही करू, अमुक रंग हुकूम. त्या बोलीतूनच जोडीदाराला आपली पानं सांगायची. कुठल्या बोलीचा अर्थ काय हे जोडीनं आधी ठरवायचं, पण विरुद्ध बाजूनं विचारलं तर त्यांनाही तो सांगायचा. लपवायची सोय नाही. मला हा खेळ आवडला तो यासाठीच. मी काही कुणाकडे शिकले नाही, नवऱ्याच्या क्लबात चौथं माणूस कमी पडलं की जाऊन बसायचे, तशी बघून बघून आला.

तर या खोकल्याला विटून मी ठरवलं, आपली स्वतःची पद्धत बांधायची. अशी, की जे सांगायचं ते सगळं बोलीतच मावलं पाहिजे, भुवई हलवायची गरज पडता कामा नये. जोडीदार घेतली माझी धाकटी जाऊ. ती धुळ्याला असते, मी इथे जळगावात मेहरूणला. दुपारची भांडी आवरली की आमचे फोन सुरू. एक्क्याचे चार गुण, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक. एक किलवर बोललं तर किलवर असोत नसोत, सोळाच्या वर गुण आहेत. त्यावर एक चौकट म्हणजे माझ्याकडे काही नाही. एक इस्पिक म्हणजे पाच इस्पिक आहेत आणि आठ ते अकरा गुण.

जाऊ हुशार. एकदा म्हणाली, "अक्का, पोळ्या लाटता लाटता दहा गोष्टी सुचतात गं, लिहायला हात मोकळा नसतो." सरावासाठी मोबाईलवर खेळायचो. तिथे एका जागी दर वेळी ठेचकाळायचो. आठ ते अकरा, पण आठ की अकरा? आठ असतील तर दहा हातांवर थांबावं, अकरा असतील तर बारा हात बोलून मोठं बक्षीस घ्यावं. आमच्या पद्धतीत तेवढं भोक राहिलं होतं. गंमत म्हणजे समोरासमोर टेबलावर बसलो की त्याच जागी माझा अंदाज हटकून बरोबर यायला लागला. मला वाटलं, जोडी जमली.

धुळ्याच्या स्पर्धेत दुपारपर्यंत आम्ही वर होतो. मी एक किलवर बोलले. जावेनं एक इस्पिक मांडलं, आणि पानांचा पंखा धरलेल्या हातावर दुसऱ्या हाताची तीन बोटं सरळ टेकवली. माझी नजर तिथंच अडकली.

आमचे सासरे बैलबाजारात दलाल होते. उपरण्याखाली हातात हात घालून बोटं दाबत भाव ठरायचा, भोवतीच्यांना कळू नये म्हणून. जेवणं झाली की गंमत म्हणून ते आम्हा दोघी सुनांना शिकवायचे. एक बोट म्हणजे पडता भाव, दोन म्हणजे मधला, तीन म्हणजे चढता.

सकाळपासूनचे डाव आठवले. एक बोट दिसलं तेव्हा तिच्याकडे आठ गुण निघाले होते. दोन बोटांना नऊ-दहा. अंदाज माझा नव्हताच. डोळ्यांनी बघितलं होतं आणि डोक्याला उशिरा कळलं. ज्या घाणीतून पळत आले ती माझ्याच टेबलावर, आणि तीही सासऱ्यांच्या हातची.

मी चार इस्पिक बोलले, म्हणजे सहा अधिक चार. दहाच हात. बोटांवरून कळलेलं वापरायचं नाही, हा नियमच आहे. जावेनं बारा हात केले आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी दूध उतू जाऊ दिलं.

डाव संपल्यावर मी पंचांना बोलावलं आणि चौघांसमोर सगळं सांगितलं. आधीचे डावही आमच्या नावावरून काढून टाका म्हटलं.

विरुद्ध बाजूचे नाना हसले. "जाऊ द्या हो अक्का. आम्ही पण खोकतोच की."

पंच म्हणाले, "तक्रार समोरच्यांनी करायची असते. त्यांची नाही, मग तुम्ही कशाला?"

म्हणजे किळस फक्त मलाच. बाकी सगळ्यांचं पोट शांत.

जाऊ जिन्यात भेटली. चिडली की ती अहिराणीवर येते. "बठ्ठा करतस अक्का. आपलं ते घरनं शे, मामंजीनी शिकाडेल. लबाडी कशी?" सगळेच करतात, आपलं तर घरचं, सासऱ्यांनी शिकवलेलं, असं तिचं म्हणणं.

"बाजारात बोटं दाबणारे दोघं एकमेकांशी सौदा करतात. इथे आपण तिसऱ्याला फसवतो."

"मग भोक बुजवायचं कुणी? तू तर वर्षभर बुजवते म्हणतेस."

"मला सांगायचंस."

"सांगितलंच ना," ती म्हणाली, "बोटांनी."

तिला खरंच कळत नव्हतं. मला तिचा राग येईना, नुसती शिसारी येत होती, आणि जवळच्या माणसाची शिसारी येणं फार वाईट. आम्हाला दुसरं बक्षीस दिलं, स्टीलचे डबे. मी हात लावला नाही. तीच घेऊन गेली.

पुढे मी ते भोक बुजवलं. आठ-नऊला एक इस्पिक, दहा-अकराला दोन. इतकं सोपं होतं. जावेला फोनवर सांगितलं, तिनं पाठ केलं. नंतर दोनदा सोबत बसलो. बिचारी दुसरा हात मांडीखाली दाबून खेळली. पण तिनं बोली मांडली की माझी नजर आधी त्या मांडीकडे जायची, मग बोलीकडे. अशी जोडी चालत नाही. मी तिला तसं सांगितलं.

या दिवाळीत ती मेहरूणला आली. फराळ झाल्यावर पत्ते काढले, रमी मांडली. रमीत जोडीदार लागत नाही, ज्याचं त्यानं बघायचं.

मी पानं लावत होते. ती म्हणाली, "अक्का, माझी बोटं काय बघते? उचल की पान."

मी उचललं.