अब्बांचा तळवा आणि न दिसणारी लाट

नारपोलीतले आमचे कापड विणायचे लूम भंगारात गेले, तेव्हापासून अब्बा बोलेनासे झाले. ऐकू येणं तर कधीच गेलं होतं. जन्मभर त्या खडखडाटात उभं राहिल्यावर कान राहतात कुठे! लूम नीट चाललाय का, हे ते चौकटीवर तळवा टेकवून ओळखायचे. तुटलेला धागा सांधून लूम सुरू केला आणि तळव्याला थरथर लागली की आरोळी ठोकायचे, "चालू हाय!" आता तो हात मांडीवर नुसता पडून असायचा. माझा जीव तुटायचा आणि रागही यायचा.

शेवटी एका सकाळी मी त्यांना गाडीत कोंबलंच आणि मुंबईला माझ्या प्रयोगशाळेत नेलं.

माझं काम टेराहर्ट्झ लाटांचं. प्रकाशाच्याच जातीच्या, पण त्या दिसत नाहीत, ऐकू येत नाहीत, पण त्यांच्या डोलण्याला दिशा असते, उभी किंवा आडवी. मी पातळ फिल्मवर जरीच्या बुट्ट्यांसारख्या सोन्याच्या बारीक बारीक आकृत्या उठवते. ती फिल्म नेमक्या कोनात धरली, की तिच्यातून जाताना उभी लाट आडवी होते. इतकी वर्षं बघतेय, तरी अंगावर काटा येतो. या अल्ला, एवढ्याशा बुट्ट्यांनी वळवलं हिला!

आत आल्याआल्या अब्बांनी सवयीने टेबलावर तळवा टेकवला. थरथर नाही. त्यांचा चेहरा पडला.

"बंद हाय तुझी मशीन," ते म्हणाले. मग हाताकडे बघून, "नायतर हा पण गेला."

मी तोच हात धरून लाटेच्या वाटेत नेला. पडद्यावर लाटेचा जोर दाखवणारी, वर चढलेली रेघ धपकन खाली आली. हात काढला, रेघ वर. लाट त्यांच्या हातातच जिरत होती. मग अब्बाच हात घालायला लागले, काढायला लागले. थांबतायत कसले!

पुढे मी वाटेत दोन जाळ्या लावल्या. पहिली फक्त उभी लाट सोडणारी, दुसरी फक्त आडवी. पलीकडे काहीच पोचेना, रेघ सपाट झोपली. दोन्हींच्या मध्ये माझी फिल्म कडीत बसवली आणि खुणेनेच सांगितलं, फिरवा.

त्यांनी दोन बोटांनी कडी हलकेच फिरवली. रेघ हलली, उठली, चढतच गेली. लाट वळली होती, अब्बांच्या हातून. ते डोळे फाडून पडद्याकडे बघत राहिले. डोळे भरून आले, तरी बोटं कडीवरून निघेनात.

आणि मग सगळी प्रयोगशाळा दचकली.

"चालू हाय!"