आईच्या वतीनं मी हो म्हटलं

माझ्या आईनं सही केली होती. टेबलाच्या कडेला वाकून, सावकाश, तेलगूत. आयाबाईनं तो कागद सरळ धरला, उलटा धरला आणि नर्सला दाखवला. "ह्ये काय जिलब्या काढल्यात बघा की सिस्टर." नर्स हसली. मागं बाकावर बसलेल्या बायाही हसल्या. मग आयानं आईचा अंगठा पकडला, शाईच्या पॅडवर दाबला आणि त्या सहीवरच उमटवला. आईला विचारलंसुद्धा नाही.

मी शेजारीच उभी होते. अकरा वर्षांची, शाळेच्या गणवेशात. आईनं मला मधल्या सुट्टीत शाळेतून काढून थेट दवाखान्यात आणलं होतं, कारण तिला मराठी बोलता येत नव्हतं. लग्न होऊन ती तेलंगणातून सोलापूरच्या पूर्व भागात आली. आमच्या गल्लीत शेजारी तेलगू, किराणावाला तेलगू, तिनं घरी वळलेल्या विड्या मोजून घेणारासुद्धा तेलगूच. गल्लीबाहेर काही काम निघालं की मी. रेशनला मी, बँकेत मी. आईचं सगळं मराठी माझ्या तोंडात होतं.

त्या सहीच्या पाच मिनिटं आधीची गोष्ट. आईचा रक्तस्राव थांबत नव्हता. डॉक्टरांनी सोनोग्राफीचा कागद बघितला, आईकडं बघितलं नाही. माझ्याकडं मान वळवून म्हणाले, "गर्भाशय काढावं लागेल. नाहीतर कॅन्सर होईल. विचार तिला, हो की नाही."

मी विचारलं. आई म्हणाली, "वद्दु." नको. मग भराभर बोलत सुटली. आत्ता नको म्हणून सांग. आधी औषध देऊन बघा म्हणावं. आणि मग खाली मान घालून, हळू आवाजात, "इंकोक बिड्ड गावाले." अजून एक मूल पाहिजे मला. मी एकुलती होते.

"काय कलकल लावलीय?" डॉक्टर म्हणाले. "इतकी वर्षं सोलापुरात राहतात आणि मराठीचा एक शब्द येत नाही. ए मुली, मला गोष्ट नको सांगूस. हो की नाही?"

बाकावरच्या बाया खुदखुदल्या. त्यात माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई होती. माझे कान तापले. मला तिथून पळायचं होतं. ती भाषा नको, आईच्या लुगड्याला येणारा तंबाखूचा वास नको, आईच नको.

मी म्हटलं, "हो."

आणि आईला सांगितलं, सही कर म्हणतात.

ऑपरेशन झालं. आई जगली, तिला काही झालं नाही असं सगळे म्हणाले. पण पस्तिशीच्या आतच तिचे गुडघे गेले. अंगातून एकदम वाफा निघायच्या, घाम फुटायचा. सुपातली पानं आणि तंबाखू तशीच ठेवून ती पदरानं वारा घेत बसायची. बी.कॉम. झाल्यावर मी तिची फाइल काढून वाचली. सगळी इंग्रजीत. साधी गाठ होती. कॅन्सरचं नाव त्यात कुठंही नव्हतं.

त्या न झालेल्या मुलाचं वय मी अजून मनात वाढवत असते. यंदा तो कॉलेजात असता. कधीकधी तो भाऊ नसतो, बहीण असते, आणि माझे कपडे न विचारता घालते. जेवताना मधेच आठवतं आणि घास तोंडात फिरत राहतो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

आईनं मला कधी शिवी दिली नाही. फक्त त्या दिवसानंतर बोलायला म्हणून मला कुठं नेलं नाही. बँकेत जाताना शेजारच्या अक्काला घ्यायची. मी चप्पल घालून दारात उभी राहायचे, "अम्मा, मी येते." ती म्हणायची, "तू वद्दु."

आणि मी नोकरी धरली ती दवाखान्यातच. मोठं खाजगी हॉस्पिटल, ॲडमिशनचा डेस्क. मॅनेजरसाहेब पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "तू त्यांच्यातली वाटतच नाहीस. मराठी किती स्वच्छ बोलतेस." मी खूश झाले. निर्लज्जासारखी खूश झाले.

मग टॅब आले. ऑपरेशनची संमती टॅबवर. पेशंटला हिंदीत एक व्हिडिओ दाखवायचा, मग इंग्रजीत चार पानं, शेवटी एक चौकोन: पेशंटला तिच्या भाषेत समजावून सांगितले. त्यात टिक केल्याशिवाय टॅब पुढं जात नाही. खाली दुभाषी म्हणून माझं नाव आपोआप येतं. दोन वर्षं मी टिक करत होते. किती जणींना खरंच समजावलं? विचारू नका. ऑपरेशन थिएटर थांबलेलं असायचं, साहेब मागं उभे असायचे. ऑपरेशनला जेवढे पैसे मिळतात तेवढे गोळ्या लिहून देण्यात मिळत नाहीत, हे डेस्कवर बसणाऱ्याला फार लवकर कळतं.

मागच्या महिन्यात एक बाई आली. तिशीची, टॉवेलच्या कारखान्यात शिलाई करणारी. आईच्याच तक्रारीसाठी, आईच्याच ऑपरेशनला. व्हिडिओ संपेपर्यंत ती टॅबकडं बघतच नव्हती, माझ्याकडं बघत होती. मी तेलगूत बोलले तशी तिनं माझं मनगट धरलं. "वद्दु अक्का. आधी औषध द्यायला सांगा. वद्दु."

साहेब आले. "टिक कर ना. आत डॉक्टर हात धुऊन उभे आहेत."

"ती नको म्हणते, साहेब."

"घाबरतात गं. तुमच्या लोकांना आपलं भलं कळत नाही. कर टिक."

"ती नको म्हणते."

"तू डॉक्टर आहेस का?"

"नाही. दुभाषी आहे. खाली माझं नाव आहे."

चौकोन मी रिकामा ठेवला. शेऱ्याच्या जागी टाइप केलं: पेशंटने तेलगूत स्पष्ट नकार दिला आहे. औषधाचा पर्याय विचारला आहे. मी ऐकले आहे. आणि सेव्ह केलं. एकदा सेव्ह झालेलं टॅबवरून पुसता येत नाही. ती बाई आपल्या पायांनी खाली गेली. साहेब म्हणाले, "उद्यापासून डेस्कवर दिसू नकोस."

दुपारीच घरी आले. आई विड्या वळत होती. मी सगळं सांगितलं. त्या दिवसाचंसुद्धा सांगितलं. मी हो म्हटलं होतं, अम्मा. तू नको म्हणालीस आणि मी हो म्हटलं.

तिचे हात थांबले नाहीत. तेलगूतच म्हणाली, "मला माहीत आहे. हो आणि नाही एवढं मराठी तेव्हाही कळत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझं तोंड बघितलं. तुला माझी लाज वाटत होती."

मला जवळ घेतलं नाही. आणि घ्यावं असं मी तिला म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता मी डेस्कवर गेले. काढायचं तर लेखी काढा, कारणासकट, म्हटलं. अजून कुणी लिहून दिलेलं नाही. देतील. कार्ड काढून घेतील, टॅब काढून घेतील. मग मी ओपीडीच्या बाकावर बसणार, पेशंटांच्या शेजारी. तेलगू बोलणारी बाई आत निघाली की तिच्याबरोबर आत जाणार आणि ती जे म्हणेल ते शब्दाला शब्द डॉक्टरच्या तोंडावर सांगणार. त्याला त्यांची खुर्ची लागत नाही.