अनुमोदक नसलेला ठराव

तमाम जनतेस कळविण्यात येते की, धुळ्यातल्या आमच्या वाचनालयाचा सोफा गेल्या उन्हाळ्यात गंभीर संकटात सापडला होता.

हा सोफा तळमजल्यावरच्या सभागृहात असायचा. महिन्यातून एकदा आम्ही नऊ संचालक तिथे सभेला जमायचो. बाकीचे दिवस तो एकटाच कूलरसमोर हवा खायचा. पुस्तकं मात्र वरच्या मजल्यावर, आणि पुस्तकांबरोबर आमच्या ग्रंथपाल अक्का. दोन्ही गुडघे गेलेले. शेवटी इमारत समितीने तिघांच्या सह्यांनिशी ठराव आणला: पुस्तकं खाली, सभा सोफ्यासकट वर. अक्कांनी मला आधीच बजावलं होतं, "भाऊ, हे नाही झालं तर मी राजीनामा देते. पुस्तकांचा नाही हो, जिन्याचा कंटाळा आलाय."

मी चिटणीस. ठराव अगदी हातवारे करून वाचला. एरवी वाचून संपायच्या आत आमचे कापडवाले शेठजी "अनुमोदन!" म्हणून मोकळे होतात. विषय कुठलाही असो. त्या दिवशी मात्र त्यांनी चष्मा पुसायला घेतला. ते कूलरच्या बरोब्बर समोर बसले होते.

"अनुमोदक नाही," अध्यक्ष नाना खुशीत म्हणाले. "ठराव पडला. चला, भरीत मागवा."

"पडत नाही, नाना." मी नियमावली उघडली. देवाने मला याच क्षणासाठी चिटणीस केलं असावं. "हा समितीचा ठराव आहे. तिघांचं आधीच एकमत झालंय, म्हणून वेगळा अनुमोदक लागत नाही. आता चर्चा, मग मतदान."

"हा नियम केला कोणी?"

"खाली तुमचीच सही आहे."

हशा पिकला. नाना तापले. "मग आधी पाहणी! वर आम्ही मावतो का, ते बघू."

त्यांना वाटलं, एवढ्या उन्हात कोण उठतंय. मी लगेच दार उघडलं आणि सभा तहकूब न करता अख्खं मंडळ जिन्याला लावलं.

अकराव्या पायरीवर नाना मटकन बसले. मागे शेठजी अडकले, त्यांच्या मागे बाकीचे. नानांची धाप ऐकून वरून अक्का पाण्याचा तांब्या घेऊन निघाल्या. एका हाताने कठडा धरून, अंग तिरकं करून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. दर पायरीला थोडं पाणी सांडत होतं. आम्ही खालून बघत राहिलो. तांब्या नानांच्या हातात पडला तेव्हा अर्धा रिकामा होता.

"रोज किती वेळा?" नानांनी विचारलं.

"चारदा तरी. पेपर खाली येतात ना."

नानांनी तांब्या तोंडाला लावलाच नाही. सभेत कायम पुस्तकी मराठी बोलणारे आमचे नाना, एकदम गावच्या अहिराणीत कडाडले, "मतदान आठेच, याच पायरीवर ली ल्या, भो! आते पाहणीले मी बी वर येत नही, नि ह्या बाईले बी चढू देत नही!"