अण्णांची सायकल चढावर बंद पडली

मंडळी, आज सकाळी जे घडलं त्यावरून एक विचारायचंय, म्हणून इथं लिहितेय.

माझे वडील, अण्णा, साताऱ्यात पोस्टमन होते. नव्वदच्या दशकात यवतेश्वरच्या चढावरचं टपालही ते सायकलवरूनच वाटायचे. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला आणि डाव्या पायातला जोर गेला. सायकलवरचा जीव काही गेला नाही. म्हणून मी सांगलीहून इलेक्ट्रिक सायकल आणली. तिथंच माधवनगरच्या सपाट रस्त्यावर स्वतः चालवून बघितली, पायडल न मारताही छान पळाली.

आज अण्णा ती घेऊन यवतेश्वरच्या चढाला लागले. मी मागं स्कूटीवर. दुसऱ्याच वळणावर मोटर तापून बंद पडली. पायडल मारता येईना, सायकल मागं सरकायला लागली. खालून एसटी येत होती. मी किंचाळले. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. अण्णा कडेला पडले, कोपर सोललं.

दुकानदाराला फोन केला. "आवं ताई, ती चाकातली मोटर हाय. सपाटीला लय चांगली. घाटाला पायडलजवळची, गिअरवर चालणारी मोटर लागती. पण तिला पायडल मारावंच लागतंय. तुमी चढाचं बोललाच न्हाई!"

खरं आहे. मी फक्त रंग विचारला होता.

कोपराला मलम लावताना अण्णा म्हणाले, "मग दुसरी कवा आणतीस?"

मी मलमाचं झाकण लावलं आणि फोन हातात घेतला.

पायडल न मारता, नुसत्या हातातल्या ॲक्सिलरेटरवर घाट चढणारी सायकल कुणी वापरली आहे का? आणि असली, तरी तुमच्या वडलांना दिली असती का?