तुलनेचं छत

वैशाली नगरातले आमचे शेजारी शहरातल्याच झालाना भागातल्या एका संशोधन संस्थेत आहेत. "फार उकडतंय" असं ते कधीच म्हणत नाहीत. मानेवरचा घाम पुसत म्हणतात, "मतलब, उष्णतेचा ताण आहे, वहिनी." हवामानबदलासाठी कुठेही निधी निघाला, की त्याचा वास सगळ्यात आधी त्यांना येतो. अर्ज फेटाळला गेला, तर आमच्याकडेही रागानेच बघतात.

यंदा निधी मिळाला. छताला चुना दिल्यावर घर किती थंड राहतं, ते आमच्याच गल्लीत मोजायचं ठरलं. एकेक छत पांढरं होत गेलं. काळपट राहिलं ते फक्त त्यांचं.

"भाऊजी, चुना संपला का?" मी विचारलं.

"नाही हो. मतलब, तुलनेला एक घर तसंच ठेवावं लागतं. भाजत बसा, असं दुसऱ्या कुणाला कसं सांगणार?"

"मला बरं सांगता आलं!" आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला.

मे महिन्यात त्या भाजी निवडायला दुपारी आमच्याकडेच येऊ लागल्या. एका रविवारी भाऊजी आमच्या भिंतीवरचं थर्मामीटर बघायला आले आणि ओरडलेच, "फरक पडलाय!" मी सरबत पुढे केलं, तेही विसरले. मग बायकोकडे वळून म्हणाले, "तू घरी चल. घरात रोजची माणसं नसली, तर आकडा चुकतो."

"त्यापेक्षा मी माहेरी जाते, नागपूरला. तिथं थंड वाटेल."

भाऊजींचे डोळे चमकले. "तुझ्या माहेरचं छत कसलं आहे गं?"