निरंक चालणार नाही

"मॅडम, यादीत माह्यं नाव कोनं टाकलं?"

महेश माझ्या टेबलासमोर उभा होता. दाढी छातीपर्यंत, डोळे लाल. तलाठी म्हणून निवड झालेली, फक्त पोलिसांची चारित्र्य पडताळणी बाकी. आणि आमची यादी सोमवारी त्याच पोलिसांकडे जाणार होती.

मी तेव्हा वर्ध्यात सरकारी समुपदेशक होते. हिंसक कट्टरता रोखण्याच्या राष्ट्रीय धोरणाचा मसुदा आला होता आणि सुधारणा सुचवायला आमचा जिल्हा पायलट म्हणून निवडला होता. सोबत नऊ लक्षणांची चेकलिस्ट. अचानक दाढी वाढवणं, मित्र तोडणं, खोलीत कोंडून घेणं, आहार बदलणं, सरकारवर चिडणं वगैरे. सहा जुळली की व्यक्ती 'संवेदनशील'. निरंक, म्हणजे शून्याचा अहवाल, चालणार नव्हता. बाकी गावांनी फॉर्मच पाठवले नाहीत. आलं ते हे एकच नाव, आंजीकडच्या एका गावातून.

मी तिथल्या ग्रामसेवकाला फोन लावला. "तुमीच म्हनलं न मॅडम, निरंक चालत नाई. मंग एकतरी दाखवा लागते! पोरगं लाखाचं आहे, पन सहा लक्षणं बरोबर बसून राह्यली."

"दाढी काऊन वाढवली रे?" मी महेशला विचारलं.

"मारुतीले नवस बोललो. ऑर्डर येईपावतर वस्तरा नाई."

मित्र अभ्यासासाठी सोडलेले. सरकारवरचा राग पेपर फुटल्याचा. तो तर मलाही होता.

जिल्ह्याच्या अहवालावर सही आमच्या साहेबांची असायची. नाव काढा म्हणून मी त्यांच्याकडे गेले. "नाव काढलं तर जिल्हा शून्यावर येतो, मॅडम. वर काय दाखवू?"

माझं डोकंच फिरलं. पोराची नोकरी जाणार, आणि यांना रकाना भरायचा! मी कोरा फॉर्म घेतला.

"सर, आहारात अचानक बदल?"

"कांदा-लसूण सोडलाय. का?"

"कुटुंबापासून दूर?"

"मिसेस पुण्याला असतात. पण..."

"सरकारवर नाराजी?"

प्रमोशन अडकलेलं होतं. साहेब दहा मिनिटं बोलले.

नऊ प्रश्न झाले. बेरीज सात आली.

"जिल्हा शून्यावर येत नाही, सर. नाव लिहू?"

साहेबांनी निरंक अहवालावर सही केली. सोबत माझी सूचनाही गेली: आधी माणसाशी बोला, चेकलिस्ट फाडून टाका, कारण ती साहेबांनाही लागू पडते.

महेशची पडताळणी सुरळीत झाली. ऑर्डर घेऊन तो थेट न्हाव्याकडे गेला.

सुधारित धोरणही आलं. चेकलिस्ट तशीच आहे. खाली फक्त एक ओळ वाढली आहे: शासकीय अधिकाऱ्यांना लागू नाही. सूचनेबद्दल मला आभाराचं पत्र आलं.