मूळचे कुठले?

गुढियारीच्या संघमित्राची बी.एस्सी.ची जागा गेल्या जुलैच्या शेवटच्या शुक्रवारी, दुपारच्या चहाआधी, काढून घेतली गेली. काढून घेणाऱ्या सरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "मूळचे कुठले?"

"सर, यहीं गुढियारी के."

"ते राहायचं झालं, बेटा. मूळचं विचारून राहिलो."

या सरांना तुम्हीही ओळखता. प्रवेशाच्या खिडकीमागे असे एक सर असतातच. आमचे तर या हिंदी मुलखात आमच्याच भाषेचे, म्हणून पोरांना त्यांच्याकडे न्यायचं काम आमच्या विद्यार्थी संघटनेनं माझ्यावर टाकलेलं. भाषा एक असली की काम होतं, अशी आमची भाबडी समजूत.

जातीचा दाखला नंतर दे, म्हणत सरांनीच तिला तात्पुरता प्रवेश दिला होता. आठवड्यात गेटवरच्या फ्लेक्ससाठी तिला नऊवारीही नेसवली. कॉलेजला प्रत्येक समाजाचा एकेक चेहरा हवा होता. "आपली पोट्टी आहे," म्हणत सरांनी बायकोची नथ घरून आणली. खऱ्या मोत्याची आहे, हे चारदा सांगितलं.

मग दाखल्याची वेळ आली. या राज्यातल्या राखीव जागेला पूर्वज एकोणीसशे पन्नास सालाआधीपासून इथेच असल्याचा कागद लागतो. तिचे पणजोबा भंडाऱ्याहून रेल्वेत आले ते त्यानंतर दोन वर्षांनी. म्हाताऱ्याला जरा घाई करायला काय झालं होतं?

"काहून सर, परवा तर आपली होती," मी म्हणालो.

"ते सांस्कृतिक होतं. हे शासकीय आहे."

"आणि तुम्ही मूळचे कुठले?"

"अकोल्याचे. पण आमचं वेगळं. आमचे वडील सर्विसमध्ये आले."

रेल्वे ही त्यांच्या लेखी सर्विस नसावी.

गेल्या महिन्यात सर निवृत्त झाले. निरोपाचा हार गळ्यात तसाच ठेवून गेटपाशी थांबले. फ्लेक्सवर जवळच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांची काळी धूळ बसली होती. सरांनी रुमाल काढला, टाचा उंचावल्या आणि संघमित्राचा चेहरा पुसला. नथ दोनदा पुसली. "हुशार होती पोट्टी," एवढंच म्हणाले. क्षणभर मला त्यांच्यावर धड चिडताही येईना.

खिडकीत आता दुसरे सर आहेत. प्रश्न तोच आहे. संघमित्रा उरल्याला एका कारखान्यात गेटपास लिहिते. तिचा ऑटो रोज त्या फ्लेक्ससमोरून जातो आणि ती दुसरीकडे बघते.

सोमवारी सकाळी गेटवर या. तिला वर्गात बसवू, नाहीतर तिचा चेहरा तिथून उतरवून तिच्या घरी नेऊ. शिडी आम्ही आणतो. धरायला तुम्ही या.